३० सप्टेंबर १९८३ नंतर जन्मलेली मुलं

पुण्यात बसून मी अमेरिकेतल्या एका राज्याचे नियम कोडमध्ये उतरवतो. त्या राज्यात कुणाला सरकारी आरोग्यविमा मिळेल आणि कुणाला नाही हे ज्या प्रणालीत ठरतं, तिच्या 'रूल इंजिन'वर आमची टीम काम करते. घराचं उत्पन्न, माणसं, वय, गरोदर आहे का, अपंगत्व आहे का अशी माहिती आत जाते आणि दुसऱ्या टोकाला 'पात्र' किंवा 'अपात्र' असा शब्द बाहेर पडतो. या नियमांच्या जुन्या दस्तऐवजांत मुलांच्या प्रकरणात एक अट वारंवार भेटते : जन्म ३० सप्टेंबर १९८३ नंतरचा असावा. आज ही अट काहीच काम करत नाही. त्या दिवशी जन्मलेलं मूल आता चाळिशी ओलांडून गेलं आहे. ऑफिसात अशा गोष्टींना 'लेगसी' म्हणतात, आणि तो शब्द उच्चारला की पुढचे प्रश्न थांबतात.

मला मात्र ती तारीख सोडवेना. २९ नाही, १ नाही, ३० सप्टेंबरच का? आणि १९८३च का? शोधत गेल्यावर जे हाती लागलं त्याला मी तरी अमेरिकन आरोग्यविम्याचा इतिहास म्हणणार नाही. तो एकाच प्रश्नाचा इतिहास आहे : नियमाच्या लेखी मूल म्हणजे कोण? स्वतंत्र माणूस, की आईबापांच्या कागदावरची एक ओळ?

सुरुवातीला उत्तर स्पष्ट होतं. मूल म्हणजे ओळ. तीसुद्धा दोन वेगवेगळ्या कागदांवरची. बापाला बरी नोकरी असेल तर त्याच्या कंपनीच्या पॉलिसीवरची, आणि बाप मेला, सोडून गेला किंवा कमावण्याजोगा राहिला नसेल तर आईच्या सरकारी मदतीच्या चेकवरची. दुसऱ्या महायुद्धात पगारवाढीवर बंधनं आली तेव्हा कंपन्यांनी माणसं धरून ठेवायला विम्यासारख्या सवलती द्यायला सुरुवात केली आणि आरोग्यविमा नोकरीला चिकटला तो कायमचा. त्या विम्यावर देखरेख कुणी करायची याचा निकाल १९४५ साली काँग्रेसने मॅककॅरन-फर्ग्युसन कायद्याने राज्यांच्या बाजूने लावला. पन्नास राज्यं, पन्नास विमा खाती. पुढे १९६५ साली ३० जुलैला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेडच्या कायद्यावर सही केली. ही गरिबांसाठीची योजना केंद्र आणि राज्य मिळून चालवायची आणि सामील व्हायचं की नाही हे राज्याने ठरवायचं, अशी रचना होती. अॅरिझोना तर १९८२ साली आत आलं.

मेडिकेडमध्ये मुलं कशी आली हे पाहण्यासारखं आहे. १९३५ पासून निराधार मुलांच्या आयांना रोख मदत देणारी एक योजना होती. ती ज्या घराला मिळते त्या घरातल्या मुलांना मेडिकेड, असा सरळ जोड दिला गेला. म्हणजे आजारी मुलासाठी प्रश्न 'मूल गरीब आहे का?' असा नव्हता, 'मुलाच्या आईला चेक येतो का?' असा होता. बाप घरात आहे, राबतो आहे, पण मालक विमा देत नाही, अशा घरातलं मूल सर्वसाधारणपणे दोन्ही कागदांच्या मधल्या फटीत पडत असे. वेल्फेअरच्या कचेरीत प्रत्येक घराची एक फाईल असायची. एक घर, एक फाईल, एक केस नंबर. ही फाईल लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे.

खासगी विम्याची बाजूही काही फार वेगळी नव्हती. १९७०च्या सुमारापर्यंत अनेक पॉलिसींमध्ये नवजात बाळाला पहिले काही दिवस, बऱ्याच ठिकाणी चौदा, विम्याचं संरक्षणच नसे. कारण उघड आहे. अपुऱ्या दिवसांचं, हृदयाला भोक असलेलं बाळ सगळ्यात जास्त खर्च करतं ते याच दिवसांत. विमा कंपनीच्या लेखी बाळ जन्मायचं ते पंधराव्या दिवशी, आणि तेही तोवर तगलं तर. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध राज्याराज्यांत पाठपुरावा केला आणि सत्तरच्या दशकात एकेका विधिमंडळाने कायदा केला की बाळ जन्मल्या क्षणापासून विम्यात आहे. पेनसिल्व्हेनियाचा कायदा १९७५ चा. त्याने पहिले ३१ दिवस आपोआप संरक्षण दिलं, पुढचं हवं असेल तर त्या मुदतीत कंपनीला कळवा म्हणून सांगितलं.

पण त्याच सुमारास, १९७४ साली, 'एरिसा' नावाचा केंद्रीय कायदा आला. तो मुळात पेन्शनचं रक्षण करण्यासाठी होता. त्यातल्या कलमांचा परिणाम असा झाला, की जी कंपनी विमा विकत न घेता कर्मचाऱ्यांच्या औषधपाण्याचा खर्च स्वतःच्या पैशातून उचलते, तिला राज्याचे विमा-नियम लागू होत नाहीत. मोठ्या कंपन्यांनी हाच रस्ता धरला. राज्याने बाळासाठी कितीही चांगला नियम केला तरी तो नेमका कुणाला लागू होतो हे आईबापांच्या मालकाने पैसे कुठून दिले यावर ठरू लागलं. अशा योजनांतल्या बाळांना १९९६ च्या केंद्रीय कायद्याने ३० दिवसांची मुदत दिली. तेवढ्यात नाव नोंदवा, संरक्षण जन्मतारखेपासून धरलं जाईल. माझी आतेबहीण न्यू जर्सीत बाळंत झाली तेव्हा आमच्या आत्याला बारशापर्यंत नाव गुपित ठेवायचं होतं. तिकडे दवाखान्यातून निघण्याआधी जन्मदाखल्याच्या फॉर्मवर नाव लिहायचं होतं आणि एचआरच्या पोर्टलवर तिसाव्या दिवसाचा काटा फिरत होता. बारसं झालं, पण पाळण्याशी कानात सांगायला काही उरलं नव्हतं.

मूल आणि आईबाप यांना नियमात वेगळं करण्याची पहिली ठळक घटना आयोवातली आहे. केटी बेकेट १९७८ साली जन्मली. पाच महिन्यांची असताना मेंदूला सूज आली आणि श्वासासाठी यंत्र लागू लागलं. तिची वर्षं दवाखान्यात गेली. घरच्यांच्या विम्याची मर्यादा संपली आणि मेडिकेड सुरू झालं. मग डॉक्टर म्हणाले, हिला घरी न्या, घरी जास्त चांगली राहील. पण नेता येईना. दवाखान्यात महिन्याहून जास्त राहिलेल्या मुलाच्या बाबतीत आईबापांचं उत्पन्न मोजलं जात नसे, म्हणून ती पात्र होती. ती घराच्या उंबऱ्याच्या आत आली असती तर आईबापांचं उत्पन्न तिचं उत्पन्न मानलं गेलं असतं आणि मेडिकेड बंद. १० नोव्हेंबर १९८१ च्या पत्रकार परिषदेत राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ही गोष्ट सरकारी नियमांच्या मूर्खपणाचा नमुना म्हणून सांगितली. दवाखान्यात महिन्याला ६ हजार डॉलर, घरी १ हजार, असा त्यांनी दिलेला हिशोब. त्या नाताळाआधी केटी घरी आली.

रेगन यांना दाखवायचं होतं सरकारचं अजागळपण. झालं भलतंच. १९८२ च्या कायद्यात राज्यांना असा पर्याय मिळाला, की गंभीर अपंगत्व असलेल्या, घरी राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत फक्त मुलाचं उत्पन्न पाहावं. तीन वर्षांच्या मुलीचं उत्पन्न शून्य. खर्चकपातीसाठी निघालेल्या सरकारच्या काळात मूल पहिल्यांदा कागदावर एकटं उभं राहिलं. पेनसिल्व्हेनियात याच विचाराच्या प्रवर्गाला आजही 'पीएच-९५' म्हणतात, आणि तिथे बाप डॉक्टर असला तरी अपंग मुलाला मेडिकेड मिळू शकतं. पालक आपापसांत त्याला 'पळवाट' म्हणतात. मला तो शब्द खटकतो. इतर सगळ्या नियमांपेक्षा हाच जास्त सरळ आहे.

आता ती तारीख. अमेरिकेच्या केंद्र सरकारचं आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं, जसं आपलं ३१ मार्चला. १९८४ च्या कायद्याने राज्यांवर पहिल्यांदा सक्ती केली की उत्पन्नाच्या कसोटीत बसणाऱ्या लहान मुलांना, बाप घरात असला तरी, मेडिकेड द्यावं. पण सगळ्यांना एकदम नाही, १ ऑक्टोबर १९८३ पासून जन्मलेल्यांनाच. कॅलिफोर्नियाचे प्रतिनिधी हेन्री वॅक्समन हे या प्रकारच्या कायद्यांमागचे मुख्य कारागीर. अर्थसंकल्पाच्या जाड विधेयकांत ते दरवर्षी मुलांसाठी एखादं लहानसं कलम बसवून घेत. १९९० साली त्यातलं सगळ्यात मोठं आलं : दारिद्र्यरेषेखालच्या, सहा ते अठरा वर्षांच्या सगळ्या मुलांना मेडिकेड, मात्र जन्म ३० सप्टेंबर १९८३ नंतरचा हवा. म्हणजे दरवर्षी वयाची मर्यादा आपोआप एक वर्षाने वर सरकत जाणार, खर्च एकदम अंगावर येणार नाही, आणि ऑक्टोबर २००२ मध्ये एकोणीस वर्षांखालची सगळी गरीब मुलं आत आलेली असतील. पुन्हा मतदान नको, पुन्हा भांडण नको. कोड लिहिणारा माणूस म्हणून मला या युक्तीचं कौतुक वाटतं. एकदा लिहून ठेवलेली अट बारा वर्षं निमूटपणे काम करत राहिली आणि काम संपल्यावर निरुपयोगी झाली.

पण त्या बारा वर्षांत एकाच घरात काय होत असेल पाहा. थोरला ऑगस्ट १९८३ चा, धाकटा ऑक्टोबर १९८४ चा. एकच खोली, एकच ताट, बापाचा एकच तुटपुंजा पगार. धाकट्याला दम्याचा पंप सरकारकडून, आणि थोरल्याला, राज्याने स्वतःहून काही वाढवून दिलं नसेल तर, काही नाही. लॉरा व्हेरी आणि ब्रूस मेयर या संशोधकांनी नंतर या रेषेच्या दोन्ही बाजूंच्या मुलांची तुलना केली. रेषेनंतर जन्मलेल्या कृष्णवर्णीय मुलांमध्ये किशोरवयात आजाराने होणारे मृत्यू कमी झालेले दिसले. गोऱ्या मुलांत तसा फरक आढळला नाही. त्या रेषेमुळे कुणाला किती जास्त मिळालं हे तिथे दिसतं, आणि रेषेच्या अलीकडे राहिलेल्यांनी काय गमावलं हेही.

दरम्यान पेनसिल्व्हेनियात वेगळंच चाललं होतं. पिट्सबर्गभोवतीच्या मोनाँगहेला नदीच्या खोऱ्यात पोलादाच्या गिरण्या बंद पडत होत्या. होमस्टेडचा प्रचंड कारखाना १९८६ साली थांबला. नोकरी गेली तसा विमाही गेला. पण ही माणसं मेडिकेडच्या व्याख्येत बसण्याइतकी गरीब नव्हती. स्वतःचं घर होतं, बायको कुठेतरी अर्धवेळ काम करत होती. १९८५ साली तिथल्या ब्लू क्रॉसने चर्चमधल्या पुढाऱ्यांसह अशा कुटुंबांतल्या मुलांसाठी देणग्यांवर चालणारी एक योजना काढली. लोकांनी एखाद्या मुलाच्या विम्याचे पैसे द्यायचे आणि कंपनीने आपली भर घालायची. त्यात काय मिळायचं तर डॉक्टरची भेट, लस, तपासण्या. मोठं ऑपरेशन नाही. मुंबईतल्या गिरणी संपानंतर गिरणगावात काय झालं हे ज्यांनी घरात ऐकलं आहे त्यांना हे चित्र फार परकं वाटणार नाही. फरक इतकाच, की आपल्याकडे कामगाराच्या नोकरीबरोबर ईएसआयचं कार्ड गेलं तेव्हा मुलाच्या कार्डाची वेगळी चर्चा कुणी केली नाही.

ही दानधर्माची योजना पुढे कायदा झाली. १९९१ साली पेनसिल्व्हेनियात सिनेटची पोटनिवडणूक झाली आणि कुणी फारसं ओळखत नसलेले हॅरिस वॉफर्ड आरोग्यविम्याच्या मुद्द्यावर माजी गव्हर्नरला हरवून निवडून आले. (हे वॉफर्ड तरुणपणी गांधींच्या मार्गाचा अभ्यास करायला भारतात येऊन गेले होते आणि त्यांनी पत्नीबरोबर भारतावर पुस्तकही लिहिलं होतं.) त्या निकालाने राज्यातलं वारं फिरलं. डिसेंबर १९९२ मध्ये गव्हर्नर रॉबर्ट केसी यांनी मुलांच्या आरोग्यविम्याच्या कायद्यावर सही केली. सिगारेटच्या पाकिटामागे दोन सेंट त्यासाठी बाजूला काढले. फ्लोरिडाने १९९० साली शाळेमार्फत विमा देण्याचा कायदा केला होता, न्यू यॉर्कनेही स्वतःची योजना काढली होती.

वॉशिंग्टनमध्ये क्लिंटन यांची सर्वांसाठी विम्याची मोठी योजना १९९४ साली कोसळली, आणि त्या ढिगाऱ्यातून फक्त मुलं उचलली गेली. मॅसॅच्युसेट्सचे डेमोक्रॅट टेड केनेडी आणि युटाचे रिपब्लिकन ऑरिन हॅच यांनी तंबाखूवरच्या कराचा धागा धरला. ५ ऑगस्ट १९९७ ला कायदा झाला, त्याला 'चिप' म्हणतात. मेडिकेडच्या मर्यादेच्या वर, पण खासगी विमा परवडत नाही अशा घरांतल्या मुलांसाठी. पेनसिल्व्हेनिया, न्यू यॉर्क आणि फ्लोरिडा यांच्या योजनांमधली संरक्षणं आहेत तशी मान्य झाली.

तरी आईबापांची सावली मुलावरून हटली नाही. काँग्रेसला भीती होती की सरकारी विमा मिळतो म्हटल्यावर लोक कंपनीचा विमा सोडून देतील. म्हणून बऱ्याच राज्यांनी प्रतीक्षाकाळ ठेवला. मूल आधी काही महिने, काही ठिकाणी वर्षभर, विम्याविना राहिलं पाहिजे, मगच अर्ज. बापाच्या संभाव्य लबाडीची शिक्षा मुलाने आजारी राहून आगाऊ भोगायची. पुढे २०१४ पासून हा काळ ९० दिवसांवर आणला गेला.

आणि आता ती फाईल. १९९६ साली क्लिंटन यांनी जुनी रोख मदतीची योजना मोडीत काढली आणि मेडिकेड तिच्यापासून तोडलं. कायद्यात तोडलं, संगणकात नाही. अनेक राज्यांच्या प्रणालींत रोख मदतीची केस बंद केली की मेडिकेडही त्याबरोबर बंद व्हायचं, कारण दोन्ही एकाच केसला टांगलेली होती. आई कामाला लागली म्हणून चेक थांबला आणि पात्र असलेल्या मुलाचा डॉक्टरही थांबला. ७ एप्रिल २००० रोजी केंद्राने राज्यांना पत्र पाठवलं : चुकीने काढलेल्यांना शोधा आणि परत घ्या, आणि संगणक दुरुस्त करा.

तेवीस वर्षांनी हेच पुन्हा घडलं. कोविडच्या काळात मेडिकेडमधून कुणाला काढायचं नाही असा नियम होता. तो ३१ मार्च २०२३ ला संपला आणि राज्यांनी सगळ्यांची पात्रता नव्याने तपासायला घेतली. पुढच्या सुमारे दीड वर्षात २.५ कोटींहून अधिक माणसं बाहेर गेली. त्यातली सुमारे ६९ टक्के अपात्र ठरली म्हणून नव्हे, तर फॉर्म परत आला नाही, पत्ता बदलला होता, अशा कारणांनी. कायदा असं सांगतो की फॉर्म पाठवण्याआधी राज्याने आपल्याजवळच्या माहितीवरून, पगाराच्या नोंदी वगैरे पाहून, शक्य त्यांचं नूतनीकरण आपोआप करावं, आणि ते प्रत्येक व्यक्तीचं वेगवेगळं. बऱ्याच राज्यांच्या कोडमध्ये ते अख्ख्या घराचं होत होतं. मुलांची उत्पन्नमर्यादा मोठ्यांपेक्षा बरीच जास्त असते. आईचा पगार तिच्या मर्यादेपेक्षा थोडा वर दिसला, तरी मुलं त्याच पगारावर सहज पात्र असतात. पण प्रणाली म्हणायची, घरातल्या एकाचं जमत नाही, सबब सगळ्यांना फॉर्म. फॉर्म आला नाही, सबब सगळे बाहेर.

आमच्या कामात 'केस' हा शब्द दिवसातून शंभरदा येतो. डेटाबेसमध्ये केस सगळ्यात वर, तिच्याखाली कुटुंबप्रमुख, त्याच्याखाली माणसं. नवीन येणाऱ्या मुलामुलींना आम्ही ते सृष्टीचा नियम असल्यासारखं शिकवतो. माझ्या मते ती १९६५ च्या कचेरीतली फाईलच आहे. कागद गेला, कपाट गेलं, भाषा बदलत कोबॉलची जावा झाली, फाईल तशीच राहिली. कायदा एकेका तारखेने, एकेका मुलीच्या गोष्टीने मुलाला तिच्यातून बाहेर काढत होता आणि प्रणाली दर नूतनीकरणाला त्याला परत आत सरकवत होती. आपल्याकडे रेशनकार्डावर नाव चढल्याशिवाय मूल सरकारी योजनेत दिसत नाही, म्हणून ही फाईल मला ओळखायला वेळ लागला नाही.

ऑगस्ट २०२३ अखेरीस केंद्राने राज्यांना तपासणी करायला सांगितलं. २१ सप्टेंबरला आकडे आले. ३० राज्यांमध्ये (त्यात राजधानीचा प्रदेशही धरला आहे) हा दोष होता आणि सुमारे ५ लाख लोकांना परत घ्यायचं होतं. त्यात मुलं बरीच होती. एका लाखाहून जास्त माणसांना फटका बसलेली राज्यं दोन : नेवाडा, आणि पेनसिल्व्हेनिया.

१ जानेवारी २०२४ पासून सगळ्या राज्यांवर बंधन आलं की मूल एकदा आत आलं की बारा महिने आत, मधल्या काळात आईचा पगार वाढला तरी. त्याआधी, २०२२ साली, ओरेगॉनने केंद्राकडून खास परवानगी घेऊन आणखी पुढचं केलं होतं. जन्मल्यावर आत आलेलं बाळ सहाव्या वाढदिवसापर्यंत आत, दरम्यान एकही फॉर्म नाही. ते वाचताना आमच्या प्रणालीत यासाठी काय करावं लागेल याचा मी अंदाज घेतला. मुदत केसवरून काढून व्यक्तीवर ठेवायची. टेबलातला एक कॉलम हलवायचा, आणि त्यावर अवलंबून असलेलं बाकी सगळं. जुलै २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केलं, की अशा बहुवर्षीय परवानग्या यापुढे नव्याने देणार नाही आणि असलेल्या वाढवणार नाही. ओरेगॉनची मुदत ३० सप्टेंबर २०२७ ला संपते.